रात्रपाळीला जाताना झालेला मृत्यू ‘कामावरचा’ धरला जातो का?

कुपवाडकर
माझे दाजी सांगलीजवळच्या एका कारखान्यात मशीन ऑपरेटर होते. फेब्रुवारी 2025 मध्ये रात्रपाळीला निघाले असताना, रस्त्याकडेला रिफ्लेक्टरविना उभ्या केलेल्या उसाच्या ट्रॉलीवर त्यांची मोटारसायकल आदळली आणि ते जागीच गेले. त्यांचे वय 40 पूर्ण होते आणि पगार 23,000 रुपये असल्याने ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू नव्हता. अपघात गेटबाहेर झाला, कार्डही पंच झाले नव्हते, तेव्हा आमचा संबंध येत नाही, असे कारखान्याचे म्हणणे आहे. ते कायद्याला धरून आहे का?

काळा कोट
नाही. अपघाताच्या वेळी लागू असलेल्या 1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्यात (21 नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली) गेटचा उल्लेखच नाही. अपघात नोकरीमुळे आणि नोकरीच्या ओघात घडला का, एवढेच कलम 3 विचारते. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने धाराशिव जिल्ह्यातल्या साखर कारखान्याच्या एका वॉचमनच्या वारसांच्या बाजूने निकाल दिला, तो तुमच्या प्रकरणाशी जवळजवळ तंतोतंत जुळतो. पहाटे तीनच्या पाळीसाठी निघालेला तो वॉचमन कारखाना पाच किलोमीटरवर असताना मोटारसायकल अपघातात गेला होता. उच्च न्यायालयाने भरपाई रद्द केली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा मंजूर केली. मात्र ते कुटुंब 2003 पासून न्यायालयाच्या पायऱ्या झिजवत होते, हेही लक्षात असू द्या.

रकमेचे गणित असे: पगार 15,000 पेक्षा कितीही जास्त असला तरी महिना 15,000 रुपयेच धरतात, त्याचे निम्मे 7,500, आणि 40 व्या वर्षाचा गुणक 184.17, म्हणजे 13,81,275 रुपये. देय झालेली रक्कम महिन्याच्या आत भरली नाही, तर किमान 12 टक्के व्याज, आणि विलंबाला सबळ कारण नसेल तर 50 टक्क्यांपर्यंत दंड लागू शकतो. दावा दोन वर्षांच्या आत दाखल करा.

शिफ्ट इन्चार्ज
वरील उत्तर बरोबर आहे, पण प्रवासातला प्रत्येक अपघात आपोआप मान्य होतो असा कुणी अर्थ काढू नये. सौराष्ट्रातल्या मिठागराचे कामगार खाडी ओलांडताना होडी उलटून बुडाले, त्यांच्या वारसांना सर्वोच्च न्यायालयाने 1958 मध्ये भरपाई नाकारली होती. उलट 1963 मध्ये, ड्युटी संपवून बेस्टच्याच बसने घरी निघालेल्या बेस्टच्या चालकाचा मृत्यू त्याच न्यायालयाने नोकरीच्या ओघातला मानला. धाराशिवच्या निकालातही वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध दिसला पाहिजे, ही अट आहेच.

माणदेशी
आमच्या चुलत्यांना कारखान्याच्या आत, ड्युटीवर असतानाच हृदयविकाराचा झटका आला. गेटबाहेरचा अपघात चालत असेल, तर हा मृत्यू निर्विवाद धरायला हवा ना?

काळा कोट
तसे गृहीत धरू नका. मृत्यू कामाच्या जागी झाला एवढे पुरत नाही. कामाच्या ताणाने झटका आला किंवा दुखणे बळावले, हे दाखवावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये स्पष्ट केले आहे. लागोपाठ पाळ्या, ओव्हरटाइम, भट्टीजवळची उष्णता यांच्या नोंदी आणि शवविच्छेदन अहवाल हाती असेल, तरच असा दावा तग धरतो.

कुपवाडकर
आभारी आहे. आणखी दोन शंका आहेत. ट्रॉलीच्या मालकावरही दावा करता येईल का? आणि दाजी वाटेत पेट्रोल भरायला थांबले होते, याचा कारखाना मुद्दा करील का?

काळा कोट
मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा करता येतो, पण दोन्हींपैकी एकच मार्ग निवडावा लागतो. तिथे 15,000 ची मर्यादा नसल्याने रक्कम मोठी होऊ शकते; मात्र मोटारसायकल चालवणाऱ्याचाही निष्काळजीपणा होता असे ठरले तर तेवढा हिस्सा कापला जातो. भरपाई कायद्यात मृत्यूच्या प्रकरणी ही कपात नाही. ट्रॅक्टर-ट्रॉलीचा विमा होता का, हे पाहिल्याशिवाय निवड करू नका, कारण विमा नसेल तर मोठ्या रकमेचा हुकूमही कागदावरच राहतो.

पेट्रोलची पावती तुमच्याच उपयोगाची आहे. तिच्यावरची वेळ, पंचनाम्यातली जागा आणि त्या आठवड्याचे शिफ्टचे वेळापत्रक एकत्र ठेवले, की ते पाळीला वेळेवर निघाले होते आणि नेहमीच्याच रस्त्याने जात होते, हे दाखवता येईल. वेळापत्रकाची प्रत कारखान्याकडे आत्ताच लेखी मागा आणि अर्जावर पोच घ्या.