रात्री टाकी उतरते, पाणी जातं कुठे?

हिशेबवाली_सुदामानगर
इंदूर. कॉलनीत 60 घरं, समितीची उंच टाकी, आतून 4 बाय 5 मीटर. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. ते वर चढवून पीव्हीसी लाइनीतून वाटतो. पुरत नाही म्हणून समितीला दुसरी बोअर मारायची आहे. मी खजिनदार. परवा रात्री 1 ते 4 नवऱ्याला टॉर्च देऊन शिडीवर चढवलं. पाणी 18 सेंटीमीटर उतरलं, म्हणजे 3600 लिटर! त्या वेळी अंघोळ कोण करतंय? रस्ता तर ठणठणीत कोरडा. अख्खी लाइन बदलायची का?

जुना_लाइनमन
ताई, नर्मदाकाठच्या जलूदहून 70 किलोमीटर घाट चढवून आणलेलं पाणी ते, जपायलाच हवं. पण लाइन बदलू नका, अजून एक रात्र जागा. शेवटच्या गल्लीपासून एकेक व्हॉल्व्ह बंद करत या, दर वेळी अर्धा तास थांबून पातळी लिहा. जिथे उतार एकदम कमी होईल, चोर त्याच गल्लीत. मग सब्बलीचं, म्हणजे पहारीचं, एक टोक पाइपावर, दुसरं कानाशी. गळती असेल तर सूंऽऽ ऐकू येतं. मेन लाइन क्वचितच फुटते हो, घराचं कनेक्शन जिथे जोडलेलं असतं तिथेच बहुधा झिरपतं. रस्ता कोरडा म्हणून फसू नका, पाणी खालच्या खाली गटारात जातं.

प्रेशरवाला
काकांशी सहमत. फक्त बंद गल्लीत गळक्या जागेतून घाण आत ओढली जाऊ शकते, तेव्हा व्हॉल्व्ह उघडल्यावर पहिलं पाणी वाहू द्या. आणि टाकी किती उंच? लोखंडी पाइपाच्या भोकातली गळती दाबाच्या वर्गमुळाने वाढते. पीव्हीसीची चीर मात्र दाबाने रुंदावते. 18 मीटर उंच पाण्याचा दाब 10 मीटरवर आणला तर लोखंडात पाव गळती वाचेल, चिरेत निम्म्याहून जास्त. रात्रीपुरता मुख्य व्हॉल्व्ह थोडा आवळून बघा. पाइपलाइनचा हिशेब करणारं ईपानेट सॉफ्टवेअर फुकट मिळतं, पण आधी गल्लीगल्लीचे आकडे हवेत, नाहीतर कॉम्प्युटरवर नुसती रांगोळी.

हिशेबवाली_सुदामानगर
काका, सापडलं! तिसरी गल्ली बंद केली आणि अर्ध्या तासाचा उतार 3 सेंटीमीटरवरून 1 वर आला. एक जुनं घर पाडून नवं बांधलंय, त्यांनी नवीन कनेक्शन घेतलं आणि जुनं तसंच ओट्याखाली गाडलं. तोंडात कापडाचा बोळा! उरलेल्या 1 सेंटीमीटरसाठी आता गच्चीवरच्या टाक्यांचे फ्लोट तपासतेय. सुरुवात अध्यक्षांच्या गच्चीपासून.