मदत हवी आहे: आयडीएच जनुकांच्या सिक्वेन्सिंगसाठी (डीएनएचा क्रम वाचून म्युटेशन, म्हणजे बदल, शोधण्यासाठी) बायोप्सीचा ब्लॉक (मेणात बसवलेला टिश्यूचा तुकडा) कुठे पाठवावा?

रुग्ण ३८ वर्षांचा, मेंदूच्या उजव्या फ्रंटल लोबमध्ये (पुढच्या भागात) ग्रेड २ ॲस्ट्रोसायटोमा हा ट्यूमर. इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीत (अँटिबॉडीने टिश्यू रंगवून प्रथिनं पाहण्याच्या तपासणीत) आयडीएच१ मधलं नेहमीचं म्युटेशन आर१३२एच निगेटिव्ह, पण एटीआरएक्स प्रथिनाचा लॉस आणि पी५३ प्रथिन ठळक पॉझिटिव्ह; ही जोडी सहसा आयडीएच म्युटेशनसोबत दिसते. एवढ्यावर रिपोर्टात ‘वाइल्ड टाइप’ (म्युटेशन नाही) लिहून मोकळं होणं पटत नाही. ती अँटिबॉडी फक्त आर१३२एच पकडते. आयडीएच१ मधला आर१३२सी किंवा आयडीएच२ मधला आर१७२के असे दुसरे बदल तिला दिसतच नाहीत. वय ५५ च्या आत असताना सिक्वेन्सिंग हवंच.

निदानावर पुढचं सगळं अवलंबून आहे. खरंच वाइल्ड टाइप असेल तर टर्ट जनुकाच्या प्रमोटरमधलं म्युटेशन, ईजीएफआर जनुकाचं ॲम्प्लिफिकेशन (जादा प्रती) आणि क्रोमोसोम ७ वाढणं व १० गमावणं एकत्र आहे का, हे तपासावं लागेल. त्यातलं एकही सापडलं तर २०२१ च्या डब्ल्यूएचओ वर्गीकरणात तो ग्लिओब्लास्टोमा, म्हणजे सर्वांत आक्रमक ग्रेड ४. आयडीएच म्युटेशन निघालं तर व्होरासिडेनिब या औषधाचा विचार करता येतो (अमेरिकेत ऑगस्ट २०२४ मध्ये मान्यता).

अडचण टिश्यूची. बायोप्सी सुईची, आणि ब्लॉकमध्ये ट्यूमर पेशी जेमतेम ३० टक्के. म्युटेशन जनुकाच्या दोनपैकी एकाच प्रतीवर (अलीलवर) असतं, म्हणजे सिग्नल १५ टक्क्यांच्या आसपास. सँगर या जुन्या सिक्वेन्सिंग पद्धतीत तो सहज निसटतो, म्हणून जास्त संवेदनशील एनजीएसच (नेक्स्ट जनरेशन सिक्वेन्सिंग) हवं.

मुंबई-पुण्यात कुठली लॅब आयडीएच१, आयडीएच२ आणि टर्ट एकाच पॅनेलमध्ये करते? खर्च किती, रिपोर्ट किती दिवसांत? अख्खा ब्लॉक मागतात की न रंगवलेल्या स्लाइड्स चालतात? ब्लॉक एकच आहे, त्यामुळे उरलेलं टिश्यू परत देणारी लॅब असेल तर आधी तीच सांगा.