पेशंट सेफ्टीच्या फेलोशिपसाठी दोन वर्षं काढावीत का?

भूलतज्ज्ञ_फोंडा:

नमस्कार. वय ३८, एमडी गोमेकॉतून (गोवा मेडिकल कॉलेज) केलं. ९ वर्षं फोंडा आणि आसपासच्या खासगी इस्पितळांत भूल देतो.

गेल्या पावसाळ्यात एका इस्पितळात रात्री पावणेदोनला सिझेरियन आटोपून रिकव्हरीत उभा होतो. सिस्टर शिरेतली लाइन फ्लश करायला, म्हणजे पाण्याने धुवायला, दहा एमएलची सिरिंज भरून वळली आणि माझं लक्ष ट्रेमधल्या फोडलेल्या अँप्युलकडे गेलं. पोटॅशियम क्लोराइड. डिस्टिल्ड वॉटरची अँप्युल त्याच खणात असते, तशीच पारदर्शक प्लॅस्टिकची, तेवढीच उंच, तेवढ्याच बारीक अक्षरांची. मी तिचा हात धरला तेव्हा सिरिंज लाइनपासून वीतभर लांब होती. ते औषध पातळ न करता एकदम शिरेत गेलं तर हृदय थांबतं. बाळ शेजारी रडत होतं, आईला काही कळलंच नाही.

सकाळी सिस्टरला मेमो मिळाला. दुसरी सिस्टर न आल्यामुळे ती चौदा तास ड्युटीवर होती, हे त्या मेमोत नव्हतं. आठवड्याने खण उघडून पाहिला. दोन्ही अँप्युल शेजारी शेजारी.

तेव्हापासून पेशंट सेफ्टीवर, म्हणजे उपचारांतल्या अशा चुका कशा टाळायच्या यावर, मिळेल ते वाचतोय. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या १९९९ च्या अहवालात तिथल्या इस्पितळांत टाळता येण्याजोग्या चुकांमुळे दरवर्षी ४४,००० ते ९८,००० मृत्यू होतात असा अंदाज होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या शस्त्रक्रिया चेकलिस्टची (ऑपरेशनच्या वेळी एकेक गोष्ट तपासून टिक करायची यादी) चाचणी आठ शहरांतल्या इस्पितळांत झाली, त्यात दिल्लीही होती. मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आलं. तोच कागद मी ऑपरेशन संपल्यावर एका दमात टिक करताना पाहिला आहे, आणि खाली सहीही केली आहे. याची मला लाज वाटते.

आता हे काम रीतसर शिकावंसं वाटतं. पण मुलगी चौथीत आहे, वडिलांचं डायलिसिस चालू आहे. परदेशातली दोन वर्षांची फेलोशिप करावी का? परत आल्यावर गोव्यात मला हे काम करायला मिळेल का?

म्हापशाचा_बॉस्टनला:

डॉक्टर, मी अशी फेलोशिप केली आहे. मेडिसिनमधून या विषयाकडे वळलो. इथे हार्वर्ड मेडिकल स्कूलची दोन वर्षांची आहे, माजी सैनिकांच्या इस्पितळांचीही आहे. पेशंट तपासायचे असतील तर यूएसएमएलई (डॉक्टरांची इथली परवाना परीक्षा) आणि परवाना लागतो, तो हिशेब आधी करा.

शिकवतात काय? मोजायला शिकवतात, हे सगळ्यांत महत्त्वाचं. माझा पहिला महिना फार्मसीच्या खिडकीशी वही घेऊन उभं राहण्यात गेला. डॉक्टरने औषध लिहिल्यापासून ते पेशंटच्या शिरेत जाईपर्यंत किती हात बदलतात, कुठे फोन येतो आणि मोजणी अर्धवट राहते, हे टिपायचं. मग छोटा बदल करायचा, चार दिवस बघायचं, जमलं नाही तर पुन्हा बदलायचं. घटनेच्या मुळाशी कसं जायचं, दमलेल्या माणसाचा डोळा कुठे फसतो, हेही शिकवतात.

मिशिगनच्या आयसीयूंचं काम जरूर वाचा, २००६ साली छापून आलं. सेंट्रल लाइन (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत जाणारी नळी, म्हणजे कॅथेटर) घालताना पाच साध्या गोष्टी पाळायच्या, आणि एखादी राहिली तर सिस्टरने डॉक्टरला थांबवायचं. जंतुसंसर्गाचा मध्यक दर हजार कॅथेटर-दिवसांना (एका पेशंटला एक दिवस नळी म्हणजे एक कॅथेटर-दिवस) २.७ होता, तीन महिन्यांत तो शून्यावर आला. पाचही गोष्टी सगळ्यांना आधीपासून माहीत होत्या. नवीन होता तो सिस्टरचा अधिकार.

सिस्टर_मडगाव:

सर, मी २२ वर्षं वॉर्डात काढली, आता क्वालिटी विभाग बघते. वरचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. आमच्याकडे एनएबीएचसाठी (इस्पितळांना दर्जाची मान्यता देणारं मंडळ) इन्सिडंट फॉर्म, म्हणजे चूक घडली की लिहून द्यायचे फॉर्म, ठेवले तेव्हा तीन महिने एकही भरून आला नाही. सगळ्या मुलींना एकच भीती, लिहिलं की मेमो. मेट्रनबाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं की फॉर्म लिहिणाऱ्याला मेमो मिळणार नाही, आणि तो शब्द पाळला. मगच फॉर्म येऊ लागले. पहिला फॉर्म इन्सुलिनच्या सिरिंजचा होता, चाळीस आणि शंभर युनिटवाल्या एकाच डब्यात पडल्या होत्या.

तुम्ही जाऊन या किंवा जाऊ नका, पण त्या खणाचं काम थांबवू नका. वॉर्डातलं पोटॅशियम काढून फार्मसीत कुलपात ठेवायला लावा. आयसीयूत लागतंच, तिथे वेगळा लाल डबा आणि दोघींची सही. आणि सर, त्या सिस्टरला एकदा भेटा. ती अजून तिथेच आहे ना?

भूलतज्ज्ञ_फोंडा:

दोघांचे मनापासून आभार. सिस्टर, ती नोकरी सोडून गेली, डिचोलीला माहेरी असते. काल फोन केला. बराच वेळ बोललीच नाही, मग म्हणाली, "सर, मला आत्ताही अँप्युल फोडताना हात कापतो."

आज इस्पितळाच्या मालकांशी बोललो. खण रिकामा करायला ते तयार झाले, मेमोच्या बाबतीत अजून नाहीत. त्यासाठी शनिवारी पुन्हा बसणार आहोत. वडिलांना सोडून इतक्यात जाणं जमणार नाही, पण म्हापशाच्या डॉक्टरांसारखी एक वही आजच घेतली. पुढचा महिनाभर माझ्या प्रत्येक ऑपरेशनला चेकलिस्ट भुलीच्या आधी मोठ्याने वाचली गेली की नाही, तेवढंच लिहिणार आहे. महिन्याने इथे आकडे टाकतो.