कल्पना करायची मोकळीक मिळाली की बायका जातात कुठे?

मुक्ता_कोथरूड:
भाच्याच्या कॉलेजची पुरुषोत्तम करंडक स्पर्धेची एकांकिका बसतेय, विज्ञानकथा आहे. तालीम बघायला गेले. मंगळावरचा तळ, पाच अंतराळवीर, पाचही मुलगे. ग्रुपात मुली दोन. एक पृथ्वीवर वाट बघणारी बायको, दुसरी तळावरच्या कॉम्प्युटरचा आवाज, म्हणजे विंगेत माईक धरून उभी. लेखकाला विचारलं तर म्हणे, "मावशी, कथेची गरज आहे."

ही गरज फार जुनी. 'स्टार ट्रेक' या अमेरिकन मालिकेच्या पहिल्या पायलटमध्ये, म्हणजे नमुन्याच्या भागात, अंतराळजहाजावरची दुसऱ्या क्रमांकाची अधिकारी बाई होती, मॅजेल बॅरेटने केलेली. १९६५ मध्ये एनबीसी वाहिनीने तो पायलट नाकारला. दुसरा केला त्यात ते पात्रच नाही. बॅरेटबाईंना पुढे त्याच मालिकेत नर्सचं काम मिळालं. आणि हो, जहाजाच्या कॉम्प्युटरचा आवाज!

आपल्याकडे तर बाई शास्त्रज्ञ होण्याऐवजी प्रयोगशाळेतून तयार होऊनच बाहेर येते. 'बहू हमारी रजनीकांत' (२०१६) मध्ये सून रोबोट. 'तेरी बातों में ऐसा उलझा जिया' (२०२४) मध्ये प्रेयसी रोबोट. सून बटणावर चालावी हे कुणाचं स्वप्न ते सांगायला नकोच. 'एंथिरन'मध्ये (२०१०) शास्त्रज्ञ रजनीकांत, रोबोटही रजनीकांत, आणि ऐश्वर्या राय त्या दोघांच्या भांडणाचं कारण. जिथे वाट्टेल ते कल्पायची मुभा आहे, नेमके तिथेच आपले लेखक हात आखडता घेतात.

हिंजवडीकर:
ताई, उदाहरणं सोयीची निवडलीत. 'तेरी बातों में'मधला रोबोट बनवला कोणी? डिंपल कापडियाने, म्हणजे हीरोच्या मावशीने. 'मिशन मंगल' (२०१९) बघा, विद्या बालनपासून नित्या मेननपर्यंत सगळ्या शास्त्रज्ञ. 'द व्हॅक्सिन वॉर'मध्ये (२०२३) पल्लवी जोशी आपल्या पुण्यातल्या एनआयव्हीच्या, म्हणजे विषाणू संस्थेच्या, डॉ. प्रिया अब्राहम झाल्यात. अजून किती पाहिजेत?

आणि ग्रुपात मुलगे पाच, मुली दोन असतील तर अंतराळवीर कोण होणार? ओढूनताणून केलेली बरोबरी प्रेक्षकाला लगेच कळते.

मुक्ता_कोथरूड:
मावशीने एवढं डोकं लावून बनवलं काय, तर भाचा भाळेल अशी पोरगी. मीही मावशीच आहे, असले उद्योग करत नाही.

'मिशन मंगल' आणि 'व्हॅक्सिन वॉर' तुम्हीच काढलेत ते बरं झालं. दोन्ही खऱ्या घटनांवरचे. इस्रोत आणि एनआयव्हीत बायका होत्या, त्यांना गाळणं शक्यच नव्हतं. तरी 'मिशन मंगल'च्या पोस्टरवर सगळ्यात मोठा अक्षय कुमार, त्यावरून तेव्हा केवढी ओरड झाली होती. कागद कोरा असतो तेव्हाचं बोला.

रात्रपाळी:
पीएचडीच्या निरीक्षणांसाठी खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवर जाते. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, आणि रात्री कंट्रोल रूममध्ये कधीकधी आम्ही मुलीच असतो. सिनेमातली शास्त्रज्ञ मात्र चष्मा काढल्यावर सुंदर दिसते, नाहीतर लग्न झालं नाही म्हणून कडवट असते. 'अरायव्हल' (२०१६) मला आवडतो तो यासाठी की एमी अॅडम्सचं पात्र भाषातज्ज्ञ आहे आणि परग्रहावरून आलेल्यांची लिपी उलगडणं हीच गोष्ट आहे. ती अडते, परत फळ्याशी जाते, चुकते. डोकं चालताना दिसतं. हिंदीत शास्त्रज्ञ बाईला एवढा वेळ कोण देतं? तेवढ्यात एक गाणं होतं.

सपे_आजोबा:
१९७९ च्या 'एलियन' सिनेमाच्या पटकथेत टीपच होती, की अंतराळजहाजावरची सगळी पात्रं स्त्री किंवा पुरुष कोणीही करावीत. त्यातून सिगर्नी वीव्हरची रिप्ली झाली. बाई म्हणून लिहिली नाही, म्हणूनच चांगली झाली! हल्ली आधी बाई ठरते, मग तिच्यासाठी गोष्ट शोधतात. नाहीतर जुन्याच पात्राची बाई करतात. २०१७ मध्ये 'डॉक्टर हू' या ब्रिटिश मालिकेतल्या डॉक्टरचं तेच केलं. नवं पात्र लिहायचे कष्ट कोण घेणार?

पॅराडॉक्स:
आजोबा, ती टीप कोणाला तरी लिहावी लागली ना? आणि टीप असूनही जहाजावरच्या सात जणांत बायका दोनच.

जुन्या पात्राचं म्हणाल तर १९७८ च्या 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' मालिकेत स्टारबक हा लढाऊ वैमानिक पुरुष होता. २००३ मध्ये तीच भूमिका केटी सॅकहॉफने केली. मूळ नट डर्क बेनेडिक्टने लेख लिहून राग काढला. पण ती सिगार ओढते, पत्त्यांत हरवते, वरिष्ठाला ठोसा लगावते. मला तरी आता स्टारबक म्हटलं की तीच दिसते.

सपे_आजोबा:
ठोसा मारला म्हणजे भूमिका मोठी झाली? हे तर पुरुषाचेच कपडे बाईला घातल्यासारखं झालं.

रात्रपाळी:
या एका बाबतीत आजोबांशी सहमत. पण 'कल्की २८९८ एडी'पेक्षा (२०२४) मला ते परवडतं. तिथे बायकांना कोंडून त्यांचं गर्भाशय वापरतात, आणि दीपिका पोट सांभाळत पळते. ८७४ वर्षं पुढे गेलो तरी बाईला काम हेच. प्रभासच्या बोलक्या गाडीला आवाज कोणाचा? कीर्ती सुरेशचा.

हिंजवडीकर:
अहो, ती कल्कीची आई आहे! पुराणातलं बदलायचं का आता? आणि बुज्जीला, म्हणजे त्या गाडीला, नावं ठेवू नका, त्या सिनेमात तीच सगळ्यात भारी.

राहता राहिलं मराठी. मोजायला सिनेमे तरी आहेत का? चटकन आठवतो तो 'फुंतरू' (२०१६). आधी पैसे लावणारा निर्माता आणा, मग बायका मोजू.

पॅराडॉक्स:
'फुंतरू'त इंजिनिअरिंगचा पोरगा आवडत्या मुलीचा होलोग्राम करतो. मुक्ताताई, तुमच्या यादीत भर.

पैशाचं म्हणाल तर आरती कदव यांचा 'कार्गो' बघा. अंतराळयान आहे, पण सगळा मामला जवळजवळ त्या यानाच्या आतच. राक्षस मेलेल्या माणसांना पुनर्जन्मासाठी तयार करून पाठवतात. दिग्दर्शिका बाई आणि बजेट बेताचं.

हिंजवडीकर:
बघितलाय. त्यात श्वेता त्रिपाठी विक्रांत मेस्सीची असिस्टंट आहे. बाईने लिहिलं तरी बाई असिस्टंटच. मग दोष पुरुष लेखकांचा कसा?

रात्रपाळी:
असिस्टंट आहे, मान्य. पण विक्रांतचा प्रहस्थ वर्षानुवर्षं एकटा राहून कारकून झालाय, मेलेला माणूस त्याला पार्सल वाटतो. श्वेताची युविष्का मेलेल्यांशी बोलते, तिला त्यांचं वाईट वाटतं, तिची विद्या चालेनाशी झाली की ती हादरते. सिनेमा तिच्या येण्याने हलतो. हुद्दा कसला मोजताय?

हिंजवडीकर:
हुद्द्यावरून सुरुवात ताईंनीच केली, दुसऱ्या क्रमांकाची अधिकारी वगैरे. शनिवारी परत बघतो आणि मग लिहितो.