पाणी काचेसारखं स्वच्छ, तरी मासे मरतायत (सातारा)

मंगळवारपेठी

नमस्कार. मुलगा ८ वर्षांचा झाला म्हणून वाढदिवसाला माशांची टाकी आणली, आज बारावा दिवस. २ फूट लांब, १ फूट रुंद, १ फूट उंच. दुकानदारानं ४ गोल्डफिश, ६ गप्पी, २ काळ्या मॉली दिल्या आणि 'हा काच साफ ठेवतो' म्हणून एक सकर. टाकी घरी आणली, नळाखाली भरली, संध्याकाळी मासे सोडले.

तिसऱ्या दिवशी पाणी तांदळाच्या धुवणासारखं झालं. मला घाण अजिबात खपत नाही. सगळं पाणी ओतून दिलं, रंगीत खडे गरम पाण्यानं धुतले, फिल्टरचा स्पंज साबणाच्या पाण्यात घालून नवा दिसेपर्यंत चोळला. पाणी एकदम झकास! दोन दिवसांत दोन्ही मॉली आणि एक गोल्डफिश गेला. परत सगळं धुतलं. परत गेले. आता २ गोल्डफिश, ३ गप्पी आणि सकर उरलेत, तेही वर येऊन तोंडं उघडमीट करतात. दुकानदार म्हणतो रोग आहे. निळं औषध दिलंय, ते दोन दिवस घालतेय.

आमच्याकडे पाणी कासचं येतं, आम्ही तेच पितो. सासूबाई म्हणतात, मुके जीव कोंडून ठेवू नका, मंगळवार तळ्यात सोडून या. मुलगा शाळेतून आला की दप्तर न काढता आधी मासे मोजतो, मला त्याच्याकडे बघवत नाही. कुठं चुकतंय?

प्रीतिसंगम, कराड

ताई, ब्लीचिंगचा प्रकार आहे. नळाचं पाणी थेट घालायचं नाही. आपल्याला चालतं, माशांचे कल्ले जळतात. पाणी बादलीत २४ तास उघडं ठेवा, मग घाला. बाकी मी तर दर रविवारी सगळं पाणी बदलतो, माझा गोल्डफिश तीन वर्षं जगलाय.

दिवाणजी, सांगली

कराडकरांचं पहिलं वाक्य बरोबर, शेवटचं नाही. गोल्डफिश चिवट असतो म्हणून तुमचा तगला, त्यात रविवारच्या धुण्याचा काही हात नाही.

ताई, मी मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी होतो, त्यामुळे जमाखर्चाच्या भाषेतच सांगतो. मासा खातो, घाण करतो. ती घाण आणि उरलेलं खाणं कुजून पाण्यात अमोनिया होतो. ही जमेची बाजू, आणि ती विषारी. खर्चाच्या बाजूला दोन प्रकारचे जिवाणू लागतात. एक अमोनियाचं नायट्राइट करतो, तेही विषच. दुसरा नायट्राइटचं नायट्रेट करतो, ते मासे बऱ्यापैकी सोसतात आणि पाणी बदललं की निघून जातं. हे जिवाणू मोकळ्या पाण्यात फारसे नसतात, स्पंजला आणि खड्यांना चिकटून राहतात. नव्या टाकीत ते पुरेसे वाढायला ४ ते ६ आठवडे लागतात, थंडीत त्याहून जास्त. तुमच्या टाकीत जमा पहिल्या दिवसापासून १३ माशांची आणि खर्च शून्य. आणि जरा कुठं खातं उघडतंय तोवर तुम्ही साबणानं वहीच धुऊन काढलीत.

म्हणजे मासे घाणीनं मेले नाहीत, स्वच्छतेनं मेले. रागावू नका. आमच्या हिनंही पहिल्या वर्षी माझा स्पंज कपड्यांच्या बादलीत टाकला होता.

तिसऱ्या दिवशीचा तो पांढुरकेपणा हात लावला नसता तर आपोआप बसला असता. नव्या टाकीत तो बहुतेक येतोच. आणि पाणी काचेसारखं दिसतं म्हणून भुलू नका, अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. थेंब टाकून रंग बघायचा संच मिळतो, तेवढा एक खर्च करा.

आता आज काय करायचं ते. खाणं दोन दिवस बंद, मासे उपाशी मरत नाहीत. निळं औषध बंद. ते मिथिलीन ब्लू असणार, त्यानं उरलेसुरले जिवाणूही जातात. हवेचा पंप रात्रंदिवस चालू. रोज पाव पाणी बदला. तुमच्या टाकीत काठोकाठ ५६ लिटर मावतं, खडे आणि वरची जागा सोडली तर ४५-५० धरा. म्हणजे रोज एक बादली. ती आदल्या रात्री भरून ठेवा, किंवा ब्लीचिंग उतरवायला हायपोचे दोन-तीन खडे विरघळवून अर्ध्या तासानं घाला. पूर्वी फोटो स्टुडिओत फोटो पक्का करायला हायपो वापरायचे, तोच हा. स्पंज आता पाण्यातून काढू नका. पुढं कधी फारच गच्च झाला तर टाकीतून काढलेल्या पाण्यातच दोनदा पिळायचा, नळाखाली नाही.

गोल्डफिश परत द्या. शेपूट सोडून वीतभर वाढतो आणि खाईल तेवढी घाण करतो, दोन फुटांची टाकी त्याला खोलीत हत्ती बांधल्यासारखी. सकरही द्या. आज बोटाएवढा आहे, पुढं फूटभराच्या वर जातो आणि काच चाटायचंही सोडतो. पण मंगळवार तळ्यात मात्र सोडू नका. सासूबाईंची दया खरी आहे, पण सकर आपल्याकडचा नाही, दक्षिण अमेरिकेतला. अंगावर चिलखत, त्याला खाणारं इथं फारसं कुणी नाही. आपल्याकडच्या नद्या-तलावांत तो असाच टाक्यांतून गेलाय. दुकानदार फुकट घेतो म्हणाला तरी द्या.

मॉली आधी गेल्या त्याला आणखी एक कारण असेल. कासचं पाणी म्हणजे सड्यावरचं पावसाचं, मऊ. मॉलीला जड पाणी मानवतं. आमच्या बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, मॉली मात्र ढिगानं वाढतात.

मंगळवारपेठी

काका, वाचून रात्री झोप लागली नाही. म्हणजे मीच मारले. गोल्डफिश आणि सकर आज परत दिले, दुकानदारानं तोंड वाकडं केलं पण घेतले. आता तीनच गप्पी आहेत. ६ आठवडे थांबायचंच का? काही जवळचा रस्ता नाही का? आणि आमच्याकडे लाईट जाते, पंप बंद पडला तर?

दिवाणजी, सांगली

तीन गप्पी एवढ्या पाण्यात तरतील, काळजी नको.

लाईटचं विचारलंत म्हणून २०१९ सांगतो. ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी ४५. आमचं घर गावभागात. चार फुटांची टाकी तळमजल्यावर, ती भरलेली उचलणार कोण? एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. दारात पाणी आलं तसे ३० मासे दोन पिंपांत घातले आणि माडीवर नेले. एक स्पंज आठवणीनं पिंपात टाकला, दुसरा गडबडीत खालीच राहिला. मग लाईट गेली ती आठवडाभर. खाणं पूर्ण बंद केलं. कमी खाल्लं की घाण कमी, हवाही कमी लागते. आणि तांब्यानं पाणी वर उचलून हातभर उंचीवरून परत पिंपात सोडायचो. धार पडते तेव्हा पाण्यात हवा मिसळते. तासातासानं पाच मिनिटं, रात्री दोनदा उठून. ही म्हणाली, महादेवाला कधी एवढा अभिषेक घातला नाहीत.

४ मासे गेले, २६ राहिले. पूर ओसरल्यावर खालचा स्पंज चिखलानं भरलेला सापडला, तो टाकून दिला. पिंपातला स्पंज नव्या पाण्यात लावला आणि टाकी आठ दिवसांत चालू झाली, एकही मासा गेला नाही. मासे मी वाचवले असं शेजारी म्हणतात. खरं तर स्पंजानं वाचवले.

तुमची लाईट दोन-चार तासच जात असेल, तेवढ्याला तांब्या पुरे. किंवा सेलवर चालणारा छोटा पंप घ्या.

जवळचा रस्ता आहे. कुणाच्या तरी जुन्या टाकीतला मळका स्पंज आणून तुमच्या फिल्टरशेजारी ठेवायचा. साताऱ्यात ओळखीचं कुणी नसेल तर मी देतो.

प्रीतिसंगम, कराड

दिवाणजी, मान्य. या रविवारी पाव पाणीच बदललं, हात मात्र शिवशिवत होते. ताई, पुढं गप्पी विकत घेऊ नका. डासांच्या अळ्या खातात म्हणून आरोग्य खात्याची माणसं गप्पी पाळतात, आमच्याकडे आरोग्य केंद्राच्या हौदातून मिळाले. रंगानं साधे, पण काटक.

मंगळवारपेठी

काका, खूप आभार. माझा भाऊ सोमवारी सांगलीहून एसटीनं आला, तुमचा स्पंज घेऊन. तुम्ही सांगितलंत तसा टाकीच्याच पाण्यात, डबा अर्धा भरलेला, झाकण सैल. कऱ्हाडपर्यंत त्याच्या पँटवर सांडत होतं म्हणे. शेजारच्या बाईंनी विचारलं, डब्यात काय? हा म्हणाला, घाण. त्या उठून पुढच्या सीटवर गेल्या.

स्पंज लावून १९ दिवस झाले. संचाचे थेंब टाकले की अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य. सासूबाई रोज चिमूटभर खाणं घालतात, दोन मिनिटांत संपेल एवढंच. आधी त्या मूठभर टाकायच्या, ते मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. त्या मळक्या स्पंजाला मी हात लावत नाही, बघितला की अंगावर काटा येतो पण नाही लावत.

आता नवीन प्रश्न. तीन गप्पींतल्या एकीचं पोट चौकोनी दिसतंय आणि शेपटीजवळ काळा डाग मोठा झालाय. मुलगा म्हणतो मोजायला वाढणार. खरं का?

दिवाणजी, सांगली

खरं. आठवडाभरात होतील. आईच पिल्लं खाते, बाकीचेही खातात, तेव्हा जावा मॉसचा, म्हणजे पाण्यातल्या शेवाळासारख्या वनस्पतीचा, जुडगा आजच आणून टाका, पिल्लं त्यात लपतात. आणि मुलाला सांगा, पहिल्या दिवशी मोजू नकोस, आकडा दुसऱ्या दिवशी धर.