ईव्हीची सर्व्हिसिंग: कशाला पैसे मोजायचे, कशाला नाही?

ईव्ही, म्हणजे इलेक्ट्रिक गाडी, विकताना 'हिला सर्व्हिसिंगच नसतं' म्हणतात आणि वर्ष भरायच्या आत सर्व्हिस सेंटरचा फोन येतो. वॉरंटी न घालवता काय टाळता येतं, हे सोलापुरातल्या जाणकारांनी नेमकं लिहावं, नावाऐवजी आपला भाग टाकून. कुठली कंपनी भारी, ही भांडणं इथं नकोत.

जुळे सोलापूर
गाडीच्या पुस्तिकेतलं वेळापत्रक उघडा आणि एस्टिमेटशेजारी ठेवा. इंजिन ऑइल, स्पार्क प्लग, क्लच काहीच नाही. उरतं ते केबिन फिल्टर, ब्रेक फ्लुइड, कूलंट, रिडक्शन गिअरचं (मोटरचा वेग कमी करून चाकांना देणाऱ्या गिअरचं) ऑइल, टायर आणि १२ व्होल्टची बॅटरी. पुस्तिकेत नसलेली ओळ एस्टिमेटमध्ये दिसली, म्हणजे एसी डिसइन्फेक्शन, अंडरबॉडी कोटिंग किंवा 'इंजिन ड्रेसिंग' (इंजिनच नाही तरी!), तर काट मारायला सांगा. तपासणी मात्र चुकवू नका. गाडी चालवणाऱ्या मोठ्या बॅटरीची वॉरंटी बऱ्याच गाड्यांना ८ वर्षं किंवा १,६०,००० किमी असते आणि क्लेमच्या वेळी आधी सर्व्हिसच्या नोंदी मागतात. दरवेळी बॅटरीच्या आरोग्याचा, म्हणजे एसओएचचा, रिपोर्ट छापून घ्या.

विजापूर रोड
गाडी रस्त्यात अडते ती बहुतेक वेळा छोट्या, १२ व्होल्टच्या बॅटरीमुळे. मोठीत ८० टक्के चार्ज असला तरी १२ व्होल्ट बसली की कॉन्टॅक्टर (मोठ्या बॅटरीची वीज जोडणारे स्विच) ओढले जात नाहीत आणि गाडी 'रेडी' होत नाही. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४३-४४ ला टेकतो, त्या उष्णतेनं लेड-ॲसिड बॅटरी लवकर मरते. गाडी रात्रभर बंद ठेवून सकाळी बॉनेट उघडून छोट्या बॅटरीला मल्टिमीटर लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवला तर ठणठणीत. १२.२ च्या खाली असेल तर चार्ज करून पुन्हा बघा. परत तिथंच उतरला तर बदला. तिसऱ्या वर्षापासून हे दर उन्हाळ्याआधी करा. यासाठी पॅकेज घ्यायची गरज नाही.

सात रस्ता
ब्रेक फ्लुइडला नाही म्हणू नका. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ दर्जाच्या फ्लुइडचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश असतो, ३.७ टक्के पाणी मुरलं की किमान मर्यादा १५५ वर येते. साधारण २ वर्षांनी बदल, फ्लशिंगला लिटरभर लागतं. ब्रेक पॅड मात्र घाईनं बदलू देऊ नका. रीजेनमुळं (वेग कमी करताना मोटरच गाडी रोखून बॅटरी चार्ज करते) ते खूप टिकतात. उलट कमी वापरानं कॅलिपरच्या (पॅड दाबणाऱ्या भागाच्या) स्लाइड पिना धुळीनं अडकतात, मग एकाच बाजूचा पॅड झिजतो. पिना काढून पुसून ब्रेकचं ग्रीस लावायला सांगा. त्या मजुरीचे पैसे खुशाल द्या.

अक्कलकोट रोड एमआयडीसी
लूमच्या (यंत्रमागांच्या) गल्लीत गाडी लावणाऱ्यांनी पुढची जाळी वाकून बघा. कापसाचा तूस कंडेन्सरवर (एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागावर) बसून नमद्यासारखा थर होतो. एसी आणि बॅटरीचं कूलिंग दोन्ही तिथूनच श्वास घेतात, म्हणून फॅन जास्त ओरडतो आणि भर उन्हात फास्ट चार्जिंग मंदावतं. मऊ ब्रश आणि कमी दाबाची हवा, आतून बाहेर. प्रेशर वॉशरनं पत्र्या वाकतात. केबिन फिल्टर बहुधा डॅशबोर्डच्या कप्प्यामागं असतो, ५ मिनिटांत निघतो. फक्त हवेचा बाण बघून बसवा. आमच्या भागात पुस्तिकेतल्या मुदतीच्या निम्म्यावर तो काळा होतो.

प्रश्न, बाळे: कूलंट कमी दिसलं तर बोअरचं पाणी घालून चालेल का हो?

सात रस्ता
अजिबात नाही! आपलं पाणी जड आहे, बारीक वाटांत क्षार धरतो. शिवाय काही गाड्यांना वीज कमी वाहून नेणारं खास कूलंट लागतं. पुस्तिकेतलंच घाला. आणि गाडी थंड असताना पातळी उतरत चालली असेल तर नुसतं घालत बसू नका, गळती शोधायला सांगा. हे काम आणि नारिंगी (उच्च दाबाच्या) केबलींना हात लावायचं कुठलंही काम रस्त्यावरच्या मेकॅनिककडं देऊ नका.

होटगी रोड
एएमसी (वार्षिक देखभाल करार) घेताना 'वेअर अँड टेअर' या शीर्षकाखाली काय वगळलंय ते वाचा. टायर, वायपर, पॅड, छोटी बॅटरी बहुतेकदा तिथंच असतात, म्हणजे खरा खर्च बाहेरच राहतो. त्यापेक्षा पुस्तिकेतल्या पुढच्या ३ सर्व्हिसची वेगवेगळी बेरीज लिहून मागा आणि करारासोबत ताडा. पुण्याला सतत जाणाऱ्यांनी टायरकडं जास्त बघावं. गाडी जड, टॉर्क झटक्यात मिळतो, म्हणून मोटर ज्या चाकांना फिरवते त्यांचे टायर आधी जातात. १०,००० किमीला पुढच्या-मागच्या टायरची अदलाबदल, सोबत अलाइनमेंट. खोली मोजताना टायरची आतली कडाही बघा, बाहेरून ४ मिमी दिसणारा टायर आतून १.६ मिमीच्या, म्हणजे टायर बदलायच्या, खुणेला टेकलेला असू शकतो.