नको असलेले मार्केटिंग कॉल : सरकारने सरळ बंदच का करू नयेत?

कोथरूडची_रेवती

मंडळी, डोकं फिरलंय म्हणून लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मागच्या आठवड्यात सासरे अ‍ॅडमिट होते. मी खाली मेडिकलच्या रांगेत उभी, एका हातात चिठ्ठी आणि दुसऱ्या हातात त्यांच्या चपलांची पिशवी (का घेऊन फिरत होते देव जाणे), तेवढ्यात फोन वाजला. अनोळखी नंबर. हॉस्पिटलचाच असेल म्हणून पिशवी काखेत मारून उचलला तर "मॅडम, आपके लिए प्री-अप्रूव्ह्ड लोन..." ठेवला. पाच मिनिटांत दुसरा अनोळखी नंबर, हा बघितलाही नाही, कट केला. परत आला, परत कट केला. वर गेले तर सिस्टर तणतणतेय, "अहो कितीदा फोन लावायचा, सॅम्पल गोठलंय, परत रक्त घ्यायचंय, नातेवाईक कुणी सही करायला नाही!" म्हणजे मी कापलेले ते दोन्ही कॉल वॉर्डातले होते.

काही बिघडलं नाही, अर्धा तास गेला फक्त. पण मला हेच कळत नाही की माझ्या नंबरवर डीएनडी (जाहिरातीचे फोन नकोत अशी नोंद) कधीपासून लावलेलं आहे, तरी दिवसाला सहा-सात फोन कसे येतात? लोन, क्रेडिट कार्ड, हिंजवडीत फ्लॅट, शेअर मार्केटची टिप. नवरा म्हणतो प्रत्येक गोष्टीत सरकार कशाला, ब्लॉक कर आणि सोडून दे. अरे पण ब्लॉक केला की उद्या दुसऱ्या नंबरवरून तोच आवाज! सरकारने एकदाच कडक कायदा करून हे बंद का करू नये? कुणाला काही माहिती आहे का?

नियमकाका

रेवतीताई, कायदा नाही म्हणून हे चाललंय असं नाही हो. कायदे ढीगभर आहेत. ट्रायने, म्हणजे टेलिकॉमच्या सरकारी नियामकाने, पहिला नियम केला २००७ साली, तेव्हा 'डू नॉट कॉल' यादी निघाली. त्याने काही झालं नाही. मग २०१० मध्ये तर तेव्हाचे अर्थमंत्री प्रणव मुखर्जी मीटिंगमध्ये असताना त्यांनाच होमलोनसाठी फोन आला होता, पेपरात छापून आलं होतं सगळं. त्याच साली नवे नियम आले, त्यातून पुढे टेलिमार्केटरला १४० ने सुरू होणारा नंबर सक्तीचा झाला. मग २०१८ चे नियम, त्यात कंपन्यांनी नोंदणी करायची, मेसेजचा मजकूर आधी मंजूर करून घ्यायचा, ग्राहकाची संमती नोंदवायची वगैरे. २०२३ च्या टेलिकॉम कायद्यातही ग्राहकाची आधी संमती घेण्याची तरतूद आहे.

तुमचा घोटाळा वेगळाच आहे. डीएनडी चालतं ते नोंदणी केलेल्या टेलिमार्केटरवर. जो माणूस साध्या दहा आकडी मोबाइलवरून फोन करतो तो त्या यादीकडे बघतच नाही, कारण त्याने नोंदणीच केलेली नसते. आणि तुमच्या सिस्टरचा वॉर्डातला मोबाइलही दहा आकडीच. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसणार.

आता कामाचं ऐका. फेब्रुवारी २०२५ मध्ये नियम बदललेत. असल्या बिननोंदणीवाल्याविरुद्ध तक्रार करायला डीएनडी लावलेलं असण्याचीही गरज नाही. कॉल आल्यापासून ७ दिवसांत १९०९ ला फोन किंवा मेसेज करा, नाहीतर ट्रायचं डीएनडी अ‍ॅप आहे. पूर्वी ३ दिवसच मिळायचे. टेलिकॉम कंपनीला कारवाईसाठी ३० दिवस होते ते आता ५ झालेत. आणि एका नंबरविरुद्ध १० दिवसांत ५ तक्रारी आल्या तरी चौकशी लागते, आधी ७ दिवसांत १० लागायच्या. ब्लॉक करण्यात आणि तक्रार करण्यात हाच फरक, ब्लॉक केलात तर फक्त तुमचा फोन वाचतो.

वागळे_इस्टेट_रिटर्न

शिव्या घालायच्या आधी ऐकून घ्या, मी हे काम चौदा महिने केलंय. ठाण्यात. बीकॉमचा निकाल लागला, नोकरी नव्हती, कुणीतरी सांगितलं पगार अधिक इन्सेंटिव्ह, गेले. एका हॉलमध्ये आम्ही तीस पोरंपोरी, हेडसेटचा स्पंज निघालेला म्हणून कानाला रुमाल लावायचा. दिवसाला दोनशे डायल आणि त्यातले दोन लॉगिन (म्हणजे लोनचे अर्ज) झाले नाहीत तर टीएल, म्हणजे टीम लीडर, सगळ्यांसमोर उभं करायचा.

आता नंबर बदलून कसे येतात ते सांगते. टीएलच्या ड्रॉवरमध्ये रबरबँड लावलेला सिमकार्डांचा गठ्ठा असायचा. एखादा नंबर लोकांनी स्पॅम म्हणून टाकला, उचलणं बंद झालं, की तो म्हणायचा "हा जळला", काढा, दुसरा घाला. ती सिम कुणाच्या नावावर होती? आमच्या चहावाल्या पोराच्या नावावर काही होती हे मला नंतर कळलं. म्हणजे कारवाई झालीच तर त्याच्या नावावर. आम्ही ज्या बँकेचं नाव घेऊन बोलायचो ती बँक म्हणणार आमचा यांच्याशी संबंधच नाही, कारण मध्ये एजन्सी, एजन्सीखाली सबएजन्सी, आणि त्याच्याही खाली आमचा हॉल.

म्हणून मला वाटतं सरकारने बंधन जरूर घालावं पण फोन करणाऱ्या पोरीवर नाही. लोन ज्या बँकेचं विकलं गेलं, फ्लॅट ज्या बिल्डरचा विकला गेला, दंड त्याला लावा. कमिशनचा माग काढायला किती वेळ लागतो, पैसा खालून वरच जातो ना. एकदा मोठ्याला लाखाचा फटका बसला की तोच खालच्याला विचारेल तू सिम कुठून आणलंस.

आणि एक. लोक आयबहिणीवरून बोलायचे. सगळेच नाही. एक आजोबा मात्र रोज उचलायचे, लोन नको म्हणायचे, आणि जेवलीस का विचारायचे. टीएलने त्यांचा नंबर डेटातून काढायला लावला, वेळ जातो म्हणून. त्या आजोबांचं डीएनडी असं झालं बघा.

सांगलीचा_मास्तर

सरसकट बंदीला माझा विरोध. मी क्लासेस चालवतो, अकरावी-बारावी, दोन खोल्या आणि एक मदतनीस. पेपरात जाहिरात द्यायची म्हटली तर परवडत नाही, चौकातल्या होर्डिंगचं तर नावच नको. फोन हे एकच साधन गरिबाच्या हातात आहे. मोठ्या क्लासवाल्यांना काय, ते टीव्हीवर दिसतात. बंदी घातली तर मरणार आम्ही.

नियमकाका

मास्तर, नंबर कुठून मिळवता?

सांगलीचा_मास्तर

खरं सांगू का. दहावीच्या निकालाच्या सुमारास एक माणूस पेनड्राइव्ह घेऊन येतो. एक्सेल शीट, मुलाचं नाव, शाळा, आईबापाचा नंबर. सगळे क्लासवाले घेतात म्हणून मीही दोन वर्षं घेतली. गेल्या वर्षी माझ्याच पुतण्याचं नाव त्यात दिसलं, आणि वहिनीचा तो नंबर फक्त शाळेत दिलेला होता. तेव्हापासून घेतली नाही. आता जुन्या विद्यार्थ्यांच्या पालकांना सांगतो, कुणाला हवं असेल तर माझा नंबर द्या. प्रवेश कमी झालेत, खोटं कशाला बोलू. पण जो स्वतः चौकशीला आला त्याला परत फोन करणं यात गुन्हा नसावा एवढंच माझं म्हणणं.

नियमकाका

तो गुन्हा नाहीच. चौकशी करणाऱ्याला त्याच विषयावर काही काळ फोन करता येतो, नियमात तशी मुभा आहे. पेनड्राइव्हवाल्याला नाही.

जर्सीकर

इकडचं सांगतो. अमेरिकेत 'डू नॉट कॉल' यादी २००३ पासून आहे. त्याच्याही आधीचा १९९१ चा एक कायदा आहे आणि त्यातली गंमत अशी की ज्याला फोन आला तो स्वतः कोर्टात जाऊ शकतो, एका कॉलमागे ५०० डॉलर, मुद्दाम केला असेल तर १५०० पर्यंत. त्यामुळे इथले वकील अशा केसेस शोधत असतात. मोठ्या कंपन्या त्याला टरकून असतात.

पण फोन थांबले का? नाही. गाडीच्या वॉरंटीचे रेकॉर्डेड कॉल इतके आले की त्यावर विनोद झाले. कारण करणारा बसतो देशाबाहेर आणि नंबर दाखवतो आपल्याच गावचा. तेव्हा कायदा केला की सुटलो असं नाही. पण आपल्याकडे दंड झालाच तर तो सरकारजमा होतो, ज्याचं डोकं पिकलं त्याला एक रुपया मिळत नाही. एका कॉलमागे पाचशे रुपये रेवतीताईंना मिळू देत, मग बघा कशा धडाधड तक्रारी येतात. वागळेताई म्हणतात ते मोठ्याला धरणं त्यातूनच होईल, कारण पैसे वसूल करायचे तर माणूस मोठ्यालाच शोधणार, चहावाल्या पोराला नाही.

वागळे_इस्टेट_रिटर्न

+१. आणि हो, काका, २०२४ मध्ये ते सगळ्या बिननोंदणीवाल्यांच्या लाइन तोडा असं आलं होतं ना, तेव्हा माझ्या जुन्या ऑफिसात म्हणे आठवडाभर सुट्टी दिली. मग परत सुरू.

नियमकाका

ऑगस्ट २०२४. लाइन तोडायच्या आणि दोन वर्षांपर्यंत काळ्या यादीत टाकायचं असा आदेश होता. तोडल्याही पुष्कळ. पण गठ्ठा ड्रॉवरमध्येच असेल तर काय करणार. म्हणून सगळ्यांना सांगतो, सरकारच्या संचार साथी पोर्टलवर जाऊन आपल्या नावावर किती सिम आहेत ते एकदा बघा. आणि बँकांना कामाच्या कॉलसाठी १६०० ची सिरीज दिलेली आहे, तेव्हा दहा आकडी मोबाइलवरून कुणी "बँकेतून बोलतोय" म्हणालं की सरळ ठेवून द्या.

कोथरूडची_रेवती

सगळ्यांचे आभार. अपडेट देते. संचार साथीवर बघितलं, माझ्या नावावर तीनच सिम निघाले, तिसरं सासूबाईंचं. बरं वाटलं.

तीन तक्रारी केल्या. दोन "कारवाई केली" म्हणून बंद झाल्या. तिसऱ्यात उत्तर आलं की तुमची संमती नोंदलेली आहे. कुठे दिली मी संमती? आठवून आठवून आठवलं, दिवाळीत मॉलमध्ये मिक्सरचा लकी ड्रॉ होता, चिठ्ठीवर नाव-नंबर लिहून ओटीपी सांगितला होता. मिक्सर लागला नाहीच.

डीएनडीचे वर्गही नीट लावले या वेळी. बँका बंद, बिल्डर बंद, शिक्षण बंद (मास्तर, सॉरी), टूर बंद. फक्त आरोग्य उघडं ठेवलं, सासऱ्यांचं चालू आहे म्हणून. वॉर्डाचा नंबर 'आधी उचल' या नावाने सेव्ह केलाय.

शुक्रवारी सासऱ्यांना डिस्चार्ज मिळाला. आज सकाळी पोळ्या लाटताना 'आधी उचल' वाजला, पिठाच्या हाताने धावत जाऊन उचलला. फुल बॉडी चेकअपचं पॅकेज, जोडप्याला तीस टक्के सूट.

नियमकाका

दहा आकडी नंबर आहे ना? मग वर्ग उघडा असला तरी तक्रार चालते. ७ दिवस आहेत.

कोथरूडची_रेवती

काका, सोमवारी त्याच वॉर्डात टाके काढायचेत. मंगळवारी करते.